पाच वॉट आणि वीस मीटर तार

ऑगस्ट २०२२. गणपतीला नाशिकला मामांकडे गेले होते. सकाळी सातला सगळे आरतीच्या तयारीत आणि मामा मात्र आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेले. चहा द्यायला गेले तर त्यांनी हेडफोन काढून स्पीकर लावला. मामा हॅम आहेत, म्हणजे परवाना घेऊन घरून रेडिओवर बोलणाऱ्या हौशी लोकांपैकी. खरखर, त्यातून कुणी मंगळूरहून, कुणी इंदूरहून बोलतोय, पावसाची चौकशी करतोय. मग मामांनी बटण फिरवलं आणि पिपाणीसारखा बारीक टिट-टिट आवाज आला. "हा बघ, पाच वॉटवर आहे," मामा म्हणाले. "आपल्या देवघरातल्या बल्बइतकी शक्ती."

मी अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब सांभाळते. तेव्हा वय ४६, बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नाही. तरी परतीच्या गाडीत डोक्यात तेच होतं. पुढे दीड वर्ष जे काही केलं त्यात विचारायला मला फक्त मामा होते, आणि मामांनी त्यांचा परवाना काढला त्याला तीस वर्षं झाली होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे परवाना हातात येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. प्रसारण करणारा रेडिओ आपल्याकडे परवान्याशिवाय नुसता बाळगणंही कायद्याने गुन्हा आहे. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत वॉकीटॉकी दिसतात, हात शिवशिवतात. ऐकायचंच असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. त्यांच्या अँटेनावर जे येतं ते फुकट ऐकायला मिळतं. मी चार महिने रात्री भांडी आवरल्यावर तेच ऐकत होते.

परवाने दोन प्रकारचे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची ती टिट-टिट भाषा, लागत नाही. त्याचा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं अक्षरं-आकड्यांचं नाव, व्हीयू३ ने सुरू होतो. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यायचं आणि पाठवायचं असतं, त्याचा कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होतो. मामा म्हणाले, आधी रिस्ट्रिक्टेड दे, मग बघू. मी ऐकलं नाही. मला तो टिट-टिट आवाजच हवा होता. पण हा सल्ला सगळ्यांना देणार नाही. फक्त बोलायचं असेल तर मोर्सपायी सहा महिने घालवण्यात अर्थ नाही.

लेखी परीक्षेचे दोन भाग. पहिला रेडिओचं शास्त्र, दुसरा नियम. जनरलला दोन्हींत किमान ५० टक्के आणि एकूण ५५ टक्के लागतात. नियमांचा भाग पाठांतराचा आहे आणि मला तो सोपा गेला. क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), संकटसंदेशाची पद्धत, लॉगबुक कसं ठेवायचं, काय बोलायचं नाही. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, दुसऱ्यांसाठी चाललेला संदेश कानावर पडला तर तो बाहेर सांगायचा नाही. शास्त्राचा भाग मात्र जड गेला. ओहमचा नियम आठवत होता, पण कॉइल आणि कपॅसिटर मिळून एकाच फ्रिक्वेन्सीला का "गातात" हे समजायला मला तीन आठवडे लागले. शेवटी भाचीच्या झोपाळ्याने समजलं. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला की तो उंच जातो, भलत्या वेळी कितीही जोर लावला तरी हात दुखतो.

मोर्सबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळे इथेच अडकतात. मी आधी कागदावर टिंब-रेघांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. मोठी चूक. डोळ्यांनी शिकलेलं मोर्स कानांना उपयोगी पडत नाही. आवाज आला की मी मनात टिंबं मोजायची, ती तक्त्यात शोधायची, तोवर पुढची तीन अक्षरं निघून गेलेली. दोन महिने वाया गेले. मग तक्ता फाडला आणि कॉख पद्धतीने नव्याने सुरू केलं. या पद्धतीत पहिल्या दिवशी दोनच अक्षरं असतात, के आणि एम, पण पूर्ण वेगात. ती नव्वद टक्के बरोबर ओळखता आली की तिसरं. अक्षरं वेगात, मधल्या जागा मात्र लांब.

माझा सगळा सराव लोकलमध्ये झाला. मुलुंडहून दादर, तिथून पश्चिमेच्या गाडीने अंधेरी. कानात इअरफोन, गुडघ्यावर बोटाने टकटक. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" इंडिकेटरवरची अक्षरं, रिक्षांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, सगळ्याचं डिट-डा व्हायला लागलं. व्हीयू२ तर ऐकायला लेझमीच्या चालीसारखं आहे: डिट-डिट-डिट-डा, डिट-डिट-डा, डिट-डिट-डा-डा-डा. हे कानात बसलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की जमेल.

१० फेब्रुवारी २०२३ ला सरल संचार पोर्टलवर अर्ज भरला. परीक्षेची फी १०० रुपये, ऑनलाइन. फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा असा की कागदपत्रांवरचं नाव जुळत नाही. आधार सासरच्या नावाने, दहावीचा दाखला माहेरच्या. दोष कुणाचा म्हणू? लग्नाला बावीस वर्षं झाली, मीच कधी एका माळेत ओवलं नव्हतं. विवाह नोंदणीचा दाखला शोधायला दोन रविवार गेले. तो नवऱ्याच्या विम्याच्या फायलीत निघाला. तो जोडून अर्ज पुन्हा पाठवला आणि यावेळी पुढे सरकला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हा कागद पहिल्याच अर्जाला जोडावा. आणि फाइलचा आकार आधीच कमी करून ठेवा, नाहीतर पोर्टलसमोर रात्रीचे साडेअकरा वाजतात.

परीक्षेची तारीख आली २१ जून, बुधवार. ठिकाण बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवरचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन. मुलुंडहून लिंक रोडच्या बसने गोरेगाव, तिथून लोकल, मग रिक्षा. अर्धा दिवसाची रजा पुरेल असं वाटलं होतं, पूर्ण दिवस गेला. आम्ही मोजकेच लोक होतो. एक कॉलेजचा मुलगा, निवृत्त मर्चंट नेव्हीचे एक गृहस्थ, एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी. वयाची अट बारा वर्षांची आहे. मुलगी बापाला क्यू-कोड विचारत होती आणि बाप चुकत होता.

लेखी ठीक गेली. मोर्सला माझा हात कापला. आठ शब्द मिनिटाला, पाच मिनिटं, म्हणजे साधारण दोनशे अक्षरं. मधे एक शब्द पूर्ण सुटला. सुटलेल्या अक्षराच्या मागे धावायचं नाही, तिथे रेघ मारून पुढे जायचं, हे मामांनी बजावलं होतं म्हणून वाचले. पाठवताना परीक्षकांनी आधी हवी तेवढी सवय करून घेऊ दिली. मोर्स वाजवायची दांडी, तिला 'की' म्हणतात, साधी सरळ होती, मला घरच्या स्वस्त कीची सवय, स्प्रिंग कडक वाटली. जमलं तर स्वतःची की सोबत न्या आणि वापरू द्याल का म्हणून विचारा.

ऑगस्टमध्ये निकाल, पास. लगेच परवान्याचा अर्ज. वीस वर्षांचे १००० रुपये, आजीव २००० रुपये. हिशेबाच्या बाईने हिशेब केला: वीस वर्षांनी मी ६७ची, आणि तेव्हा पुन्हा कागदपत्रं शोधायची असतील तर हजार रुपये आत्ताच दिलेले बरे. आजीव घेतला.

आणि मग वाट बघणं. सप्टेंबर, ऑक्टोबर, दिवाळी, डिसेंबर. पोर्टलवर रोज तेच वाक्य. या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की मी मोर्स सोडलं नाही. आठवडाभर सोडलं की कान गंजतात. जानेवारी २०२४ मध्ये एका दुपारी ऑफिसात ईमेल आला. कॉलसाइन इथे देत नाही, व्हीयू२ आणि पुढे तीन अक्षरं. टॉयलेटमध्ये जाऊन तो बोटांनी दारावर वाजवला. पहिल्या अर्जापासून अकरा महिने.

आता रेडिओ. अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, या हैदराबादच्या हॅमने बिटएक्स नावाचं डिझाइन केलं आणि घरी रेडिओ बनवणाऱ्यांमध्ये ते जगभर पोचलं. त्यांचाच पुढचा मायक्रोबिटएक्स मी घेतला. खालच्या बँडवर (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, तो तरंगलांबीच्या मीटरवरून ओळखतात) तो १० वॉटच्या आसपास देतो, वरच्या बँडवर कमी. मोर्समध्ये ५ वॉट किंवा त्याहून कमी शक्ती म्हणजे क्यूआरपी. मूळ क्यू-कोडमध्ये याचा अर्थ "शक्ती कमी करू का?" असा आहे. मीही ती पाचवर आणली. कुणाला वाटेल तत्त्व आहे. तत्त्व वगैरे नंतर आलं, आधी बजेट आणि सोसायटी होती.

शिवाय गणित ऐकलंत तर पाच वॉट वाटतं तितकं गरीब नाही. शंभर वॉटवरून पाचवर आलं की फरक १३ डेसिबलचा. समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे काटा दोन घरांपेक्षा थोडा जास्त खाली येतो. शांत जागी बसलेल्याला तो फरक चालतो. अर्थात तो शांत जागी बसलेला असला तर.

वायर आणि बाकी सामानासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. एका दुकानात मी अँटेनाची केबल मागितली, त्यांनी डिश टीव्हीची दिली, मीही घेतली. घरी आल्यावर वाचलं, ती ७५ ओहमची. मला हवी होती ५० ओहमची आरजी-५८. पुढच्या शनिवारी पुन्हा खेप. केबल मागताना नंबर सांगा, काम सांगू नका. फेराइट कोअरसाठी, म्हणजे तार गुंडाळायच्या चुंबकीय कड्यासाठी, चार दुकानं फिरले. हवा होता ४३ नंबरचा, "सगळे सारखेच असतात मॅडम" असं म्हणून काळा गोल पुढे करणारे तीन भेटले. चौथ्याकडे मिळाला. त्यावर दोन वेढे आणि चौदा वेढे, म्हणजे सातास एक, आणि विरोधाच्या भाषेत ४९ ला १. या ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला वीस मीटर तार जोडली की ती ४० मीटर बँडवर अर्ध्या तरंगलांबीची होते आणि तीच तार २०, १५ आणि १० मीटरवरही चालते. मुंबईत गच्चीवर दोन टोकं आणि मधे खांब अशी चैन कुणाला आहे? एका टोकाने पुरवायची ही तार आमच्यासारख्यांसाठीच. रेडिओ, तार, केबल, की, बॅटरी सगळं मिळून खर्च साधारण २३ हजार.

सोसायटीचं प्रकरण परीक्षेपेक्षा अवघड निघेल असं वाटलं होतं, निघालंच. सेक्रेटरींना अर्ज दिला, सोबत परवान्याची प्रत. कमिटीच्या सभेत पहिला प्रश्न: "मोबाईल टॉवरसारखं रेडिएशन होणार का?" दुसरा: "टीव्हीवर मुंग्या येणार का?" तिसरा, अपेक्षित: "भाडं किती देणार?" मी तार सोबत नेली होती. ती टेबलावर ठेवली. कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक. पाच वॉट म्हणजे जिन्यातल्या एलईडी बल्बपेक्षा कमी, हे सांगितल्यावर खजिनदार हसले. अटी अशा: टाकीला हात लावायचा नाही, भिंतीला खिळा नाही, ३१ मेपूर्वी उतरवायची. पावसाळ्याची अट त्यांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी घातली होती, पण विजांचा विचार करता ती मीच घालायला हवी होती. तारेचा तुकडा आणि परवान्याची प्रत घेऊनच सभेला जा. तोंडी समजावण्यापेक्षा हातात दिलेली तार जास्त बोलते.

१८ फेब्रुवारी, रविवार. नवरा, मी आणि वॉचमनकाका. गच्ची अठरा मीटर, तार वीस. शेवटचे दोन मीटर पाइपाला बांधलेल्या बांबूवरून खाली वळवले. केबल डक्टमधून चौथ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत. रेडिओ लावला आणि ऐकू काय आलं? चक्की. नुसती पिठाची चक्की. मीटर आठ-नऊवर आणि त्याखाली सगळं जग गाडलेलं.

मुंबईत क्यूआरपी करणाऱ्याला शक्ती कमी पडत नाही, शहराचा गोंगाट आडवा येतो. एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर, लिफ्टची मोटर फिरवणारा कंट्रोलर, सेट-टॉप बॉक्स, प्रत्येक जण थोडा थोडा ओरडतो. रेडिओ बॅटरीवर ठेवून मी घराचा मेन स्विच बंद केला. काटा आठवरून सहावर. म्हणजे गुन्हेगार आमच्याच घरात होते. एकेक स्विच लावत गेले. लॅपटॉपचा चार्जर, स्वयंपाकघरातली पट्टी आणि माशांच्या टाकीचा दिवा. पहिले दोन बदलले, तिसऱ्यावर चिकटणारा फेराइट लावला. उरलेल्या आवाजासाठी खिशातला जुना एएम रेडिओ घेऊन जिन्यातून फिरले. तिसऱ्या मजल्यावर आवाज वाढला. काकूंनी दार उघडलं. देवघराभोवती एलईडीची माळ, अखंड चालू. काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या यंत्राला माझा देव चालत नाही का?" त्यांना चांगला अडॅप्टर आणून दिला. माळ आजही चालू आहे, काटा पाचवर आहे. लिफ्टचं काही करता येत नाही. रात्री अकरानंतर लोक कमी फिरतात, तेव्हा बसते.

ऐकता ऐकता एके रात्री ७.०८ मेगाहर्ट्झवर थांबले. १९४२ मध्ये याच शहरात, चौपाटीपासून सुरू करून जागा बदलत, उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. भागाकार करून बघा, साधारण इथेच येतं. त्यांचं यंत्र बनवणारे नरिमन प्रिंटर हौशी रेडिओतलेच. महायुद्ध सुरू होताच आपल्याकडचे सगळे हौशी परवाने रद्द झाले होते. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या. १२ नोव्हेंबरला पकडल्या गेल्या. तिथे आज इंदूरचे कुणी गृहस्थ आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते. मी बराच वेळ बटण फिरवलं नाही.

बोलावण्याचं मात्र महिनाभर काही जमेना. ७.०३० हा क्यूआरपीवाल्यांचा ठिय्या. तिथे सीक्यू (आहे का कुणी, अशी सगळ्यांना हाक) पाठवायचं, थांबायचं, पुन्हा पाठवायचं. कुणी नाही. रेडिओ चालतोय की नाही इथपासून शंका. त्यावर उपाय आहे रिव्हर्स बीकन नेटवर्क. जगभर लोकांनी लावलेले रिसिव्हर मोर्स आपोआप ऐकतात आणि कोणाचा कॉलसाइन ऐकला ते वेबसाइटवर दिसतं. मी सीक्यू पाठवून फोन उघडला आणि तिथे माझा कॉलसाइन, सिग्नल ६ डेसिबल. कुठल्याशा यंत्राने मला ऐकलं होतं. त्या रात्री माणूस नाही मिळाला तरी चाललं.

माणूस मिळाला १७ मार्चला, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी. लॉगमध्ये १४१०, कारण लॉग यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठीच्या एकाच वेळेत, ठेवतात, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. (पहाटे साडेपाचच्या आधी बसलात तर तारीखही आदल्या दिवसाची. माझ्या लॉगमध्ये अशा चार खाडाखोडी आहेत.) बेंगळुरूचे एक जुने हॅम. त्यांनी माझा कॉलसाइन दोनदा विचारला, मग वेग माझ्याइतका खाली आणला. याचे आभार कसे मानायचे ते मोर्समध्ये मला येत नव्हतं. सिग्नल कसा येतोय याचे गुण म्हणून त्यांनी मला ४४९ दिलं, मी त्यांना ५७९. एम-यू-एम-बी-ए-आय पाठवताना दुसऱ्या एमला हात अडखळला. सगळं मिळून सहा मिनिटं. पाठीला घाम. आत जाऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने मॅच म्यूट केली. आमच्या घरात हा मोठा मान आहे.

३० मेला तार उतरवली. खाऱ्या हवेने तीन महिन्यांत कनेक्टर हिरवा झाला होता. आता सांध्यांवर आपोआप चिकटणारी रबर टेप लावते आणि वर्षाला एक कनेक्टर गृहीत धरते. पावसाळ्यात एरवीही ४० मीटरवर विजांचे तडाखेच ऐकू येतात.

दसऱ्यानंतर तार पुन्हा चढली आणि वेळ अशी साधली की सूर्यच मदतीला आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने जाहीर केलं की सौरचक्र २५ कमाल टप्प्यात पोचलंय. सूर्यावर डाग जास्त तेव्हा वरचे बँड उघडतात आणि तिथे थोडी शक्तीही लांब जाते. वरच्या बँडवर लिफ्टचा आवाजही कमी. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी २१.०६० मेगाहर्ट्झवर टोकियोजवळचा एक माणूस सापडला. अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे वॉटमागे तेराशे किलोमीटर. पेट्रोलच्या हिशेबात बसवून बघितलं, बसलं नाही. संपर्काची पावती म्हणून त्याचं कार्ड मेमध्ये पोस्टाने आलं, चेरीच्या फुलांचं. सेक्रेटरींना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट बघून विचारलं, "आणि ह्यांना तुम्ही ओळखत नाही?"

आतापर्यंत लॉगमध्ये ११२ नोंदी आहेत. शेवटची गेल्या शनिवारची, रात्री ११ वाजून २० मिनिटांनी. कुणीतरी खूप हळू, खूप पुसट, माझ्याच वेगाचा नवशिका. मला त्याच्या कॉलसाइनची चार अक्षरं मिळाली, त्याला माझी बहुधा तीन. मग खाली लिफ्ट सुरू झाली. तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. अपुरी नोंद मोजायची नसते, म्हणजे खरं तर १११.